गाडी लागते, तसा खेळही लागतो

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना एस.टी.त कोणाला गाडी लागली, तर आपण त्याला लिंबू देतो, हसत नाही. पण आमच्या कचेरीत एका कामगाराचा मुलगा पडद्यावरचा बंदुकीचा खेळ खेळताना पांढराफटक पडून ओकला, तेव्हा सगळे हसले. आम्हीही हसलो. मागाहून लाज वाटली, म्हणून पुस्तके चाळली.

१९९३ च्या 'डूम'सारखे हे खेळ खेळणाऱ्याच्याच डोळ्यांतून दिसतात. डोळा म्हणतो, आपण धावतो आहोत; कानाच्या आतले तोल राखणारे इंद्रिय म्हणते, खुर्चीवर बसलो आहोत. एस.टी.त पुस्तकात मान घातली की नेमके याच्या उलट. दोन साक्षीदारांची जबानी जुळत नाही आणि दंड मात्र पोटाला! (कोर्टात आम्ही असे पुष्कळ पाहिले आहे.) ज्यांच्या कानातले हे इंद्रियच निकामी असते, त्यांना गाडी लागत नाही. ड्रायव्हरलाही सहसा लागत नाही. वळण त्याला आधीच ठाऊक असते.

मुलाला आम्ही सांगितले, पडद्यापासून लांब बस, दिवा लाव, मळमळले की लगेच थांब, हा काही भित्रेपणा नव्हे.

तो म्हणाला, "मंग तुम्ही काऊन हसले, काका?"