नवस नसला तरी रान बघू

गटाच्या बैठकीत पाटणादेवीच्या रानात जायचं ठरलं, तेव्हा एका आजींनी विचारलं, "नवस कोना शे?" नवस कोणाचाच नव्हता. बाईला घराबाहेर पडायला लग्न, दवाखाना नाहीतर देव लागतो. नुसतं रान बघायला जाते म्हटलं की घरचे तोंडाकडे बघत राहतात. आम्ही बचतीला हात लावला नाही. गाडीभाडं प्रत्येकीनं आपापलं काढलं आणि फेब्रुवारीत बारा जणी निघालो.

पाटणादेवी चाळीसगावपासून साधारण 18 किलोमीटर. दर्शन पुष्कळ जणींनी घेतलं असेल, पण देवळामागे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे, तिकडे कोण जातं? 1986 साली जाहीर झालेलं हे रान सुमारे 260 चौरस किलोमीटर, जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलंय. हे वाळवंट नव्हे. पावसाळ्यात इथे धबधबे कोसळतात. पण आम्ही गेलो तेव्हा नाले कोरडे, सालईला पान नाही, पायाखाली पाचोळा, आणि मध्येच लालभडक पळस. याच पाटण्याच्या शिलालेखात लिहिलंय, की भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला. त्याला आठशे वर्षं झाली. आम्ही गटाच्या वहीत हिशेब लिहिणाऱ्या बाया, आम्हाला त्याचं फार कौतुक वाटलं.

आता पाण्याचं बोलू. रानात पाणी मिळेल असं धरून चालू नका. दिवसभर राहायचं तर माणशी चार लिटर घरूनच न्या, सोबत मीठ-साखर. पण न्यायचं पाणी पोटातही जायला हवं. लघवीला कुठे बसायचं, या धास्तीनं बाया घोटभर पाणी पीत नाहीत, आणि उन्हात घेरी येते ती यामुळे. आम्ही एक जुनं लुगडं नेलं होतं. दोघींनी धरलं की झाला आडोसा. एकटीनं मात्र झाडीत जायचं नाही, इथे बिबट्या आहे, अस्वलही आहे.

डोकं दुखलं, मळमळलं, चक्कर आली तर लगेच सावलीत बसवा, कपडे सैल करा, अंगावर ओला पदर फिरवा, शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्या. बाई बरळायला लागली किंवा शुद्ध हरपली तर 108 ला फोन. दरीत फोन लागेलच असं नाही, म्हणून जाताना वनखात्याच्या नाक्यावर आणि घरी परतायची वेळ सांगून ठेवा. चूल पेटवू नका. वणवा लागतो, आणि धुरानं आग्या मोहोळ उठतं. कळण्याची भाकरी अन् ठेचा थंडच छान लागतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, एप्रिल-मे टाळा. पुढच्या थंडीत आम्ही पितळखोऱ्याची लेणी बघणार आहोत. दोन हजार वर्षांची आहेत म्हणे लोक, आणि खरंच आहेत. उतरायला पायऱ्या पुष्कळ, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच सांगा. आपण हळू चालू.