चष्मा, चाळिशी आणि लेसर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला डोळ्यांविषयी बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, मी काही डॉक्टर नव्हे. पण मुलीच्या चष्म्यापायी गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडले, त्यातून चार गोष्टी शिकले. त्याच सांगते.

मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. मी तिला म्हटले, ‘तेवढा वेळ चष्मा काढून ठेव.’ रविवार कारंजावर समोर आलेल्या बसची पाटीसुद्धा तिला चष्म्यावाचून वाचता येत नाही. ती शांतपणे म्हणाली, ‘आई, ते मला बघतील, पण मी त्यांना कशी बघू?’

मला उत्तर सुचेना. माझ्या वेळीही आईने हेच केले होते. ह्यांचा चेहरा मी नीट पाहिला, तो अंतरपाट दूर झाल्यावर!

मग लेसरचा विचार निघाला. लग्नाआधी नंबर गेला की सुटलो, असे मला वाटले. आम्ही मायलेकी डॉक्टरांकडे गेलो.

ही विद्या निघाली तीही गमतीने. १९८१ साली अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत आपले मद्रासचे रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे दोन सहकारी काम करीत होते. सणाच्या जेवणात उरलेल्या टर्की पक्ष्याच्या कूर्चेवर त्यांनी एक्सायमर लेसरचा किरण टाकून पाहिला, तर आजूबाजूला न भाजता नेटका काप निघाला. हाच किरण पुढे डोळ्याच्या कामी आला.

लांबचे अंधूक दिसते, कारण बहुधा डोळा लांबट असतो आणि प्रकाश पडद्याच्या अलीकडेच एकवटतो. लॅसिकमध्ये थेंबांनी डोळा बधिर करून बुबुळावरच्या पारदर्शक आवरणाचा पापुद्रा उचलतात, खालचा भाग लेसरने कणभर घडवतात आणि पापुद्रा परत बसवतात. पी.आर.के. पद्धतीत पापुद्रा करीत नाहीत, मात्र बरे व्हायला जास्त दिवस लागतात. स्माइल पद्धतीत लहानशा छेदातून आतली पातळ चकती काढून घेतात.

पण हे सर्वांना चालत नाही. वय अठरा पूर्ण हवे, नंबर वर्षभर तरी स्थिर हवा. गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने थांबावे. पुढे काही जणांचे डोळे कोरडे पडतात, रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. आवरण पातळ असेल तर लेसरनंतर ते पुढे फुगून नजर आणखी बिघडण्याची भीती असते.

माझ्या मुलीचे आवरण पातळच निघाले. डॉक्टरांनी सरळ ‘नको’ म्हटले. डोळ्यात कायमचे भिंग बसवण्याचा एक मार्ग आहे. पण तीही शस्त्रक्रियाच. रोज घालायच्या-काढायच्या लेन्स आहेत; त्यांना मात्र फार स्वच्छता लागते. त्या घालून झोपू नये, आणि रामकुंडावर स्नानाला जाताना तर त्या आधी काढाव्याच.

आणखी दोन गोष्टी डॉक्टरांनी सांगितल्या. लेसरने नंबर गेला, तरी लांबट डोळ्याचा आतला पडदा ताणलेलाच राहतो. म्हणून दरवर्षी तपासणी हवीच. आणि लेसरपूर्वीचे कागद जपून ठेवावेत. पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा हिशेब करायला ते उपयोगी पडतात.

निघताना त्यांनी मला विचारले, ‘बाई, तुमचे डोळे कधी तपासलेत?’ मी बोटे मोजू लागले. सात वर्षे झाली होती! भगिनींनो, तांदूळ निवडताना ताट लांब धरणाऱ्या, सुई ओवायला नातवाला हाक मारणाऱ्या आपल्यात कितीजणी आहेत! डोळ्यातले भिंग वयाबरोबर ताठर होते, म्हणून चाळिशी लागते. मुलींनी लेसर केले तरी त्यांनाही ती एक दिवस लागणारच. त्यात लाजण्यासारखे काय आहे?

पुढच्या वेळी पाहुणे आले, तेव्हा मुलगी चष्मा लावूनच बाहेर आली. लग्न जमले नाही. ‘मुलगा मलाच पसंत नाही,’ असे तिने सांगितले. तिने त्याला नीट पाहिले होते ना!

माझी विनंती एवढीच, की लेसर करायचे असेल तर मुलीच्या सोयीसाठी करावे, पाहुण्यांच्या धाकाने नव्हे. आणि लेकीला दवाखान्यात न्याल, तेव्हा स्वतःचेही डोळे दाखवून या.