वाटेवरचे वैद्यक



युद्धग्रस्त देशाला वैद्यकीय मदत म्हटली की आपल्याकडे प्रथम सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव निघते. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. त्यांच्या शस्त्रक्रियांविषयी आपण पुष्कळ ऐकतो; ते चिनी भाषा शिकून तेथील विद्यार्थ्यांना शिकवीत, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. त्या दुसऱ्या कामाच्या कुळातील एक प्रयत्न आज मला सांगावयाचा आहे.

ख्मेर रूज राजवटीत (१९७५-७९) कंबोडियातील बहुतेक डॉक्टर मारले गेले वा परागंदा झाले. १९९१ च्या पॅरिस करारानंतरही शेतांतले सुरुंग तसेच राहिले. शेतकऱ्याचा पाय उडे, आणि इस्पितळ कित्येक तासांच्या वाटेवर असे. उत्तर इराकच्या कुर्द भागातही हीच अवस्था होती. नॉर्वेचे शल्यचिकित्सक हान्स हुसुम व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटेवरचा हा वेळच हाताशी धरला. १९९७ ते २००१ या काळात दोन्ही ठिकाणी मिळून त्यांनी १३५ स्थानिक आरोग्यसेवक आणि ५,२०० सामान्य गावकरी तयार केले. श्वासमार्ग मोकळा ठेवावा, रक्तस्राव थांबवावा, जखमीला ऊब द्यावी, असे ते साधे शिक्षण. १,०६१ जखमींची नोंद झाली. इस्पितळ गाठण्यास सरासरी ५.७ तास लागत. मृत्यूचे प्रमाण पूर्वी शेकडा ४० होते, ते १४.९ वर आले.

अवयव दोरीने आवळून बांधण्यास मात्र त्यांचा विरोध होता. जखमेत कापड ठासून भरावे आणि वरून घट्ट दाब द्यावा, असे ते शिकवीत. मदत लवकर पोहोचणाऱ्या सैन्यात आवळपट्टी जीव वाचवते, हे खरेच. पण पाच-सहा तासांच्या वाटेवर तीच पट्टी हात नेते.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे सर फळ्यावरची चूक पुसू देत नसत; तिच्या शेजारी बरोबर उत्तर लिहावयास लावीत. म्हणून सांगतो. नवा डॉक्टर असताना मी खानापूर तालुक्यातील एका गावात प्रथमोपचाराचा वर्ग घेतला होता. पुढच्याच हंगामात गुऱ्हाळाच्या चरकात एका पोराचा हात सापडला. नदीला पाणी, वाहन नाही. त्याला माझ्यापर्यंत आणावयास सात तास लागले. दंडाला सुतळी करकचून बांधलेली होती, अगदी मी शिकवल्याप्रमाणे. हात कोपराच्या वर काळानिळा पडला होता. तो काढावा लागला.

हुसुम यांचे काम वाचनात आल्यावर मी त्याच गावात पुन्हा वर्ग घेतला. तो पहिल्या रांगेत बसला होता, आता बापमाणूस झालेला. सारे पाहून झाल्यावर त्याने विचारले, “डॉक्टर, हे तवाच का नाही सांगितलंसा?”

मला तेव्हा ठाऊक नव्हते, एवढेच मी म्हणू शकलो. त्याने मान हलवली, आणि कापडाची घडी दातांत धरून एका हाताने ती कशी भरता येईल, हे पाहू लागला.