रेडियमची मुदत आणि कायद्याची मुदत



कामगार चळवळीतल्या माणसाने अणूवर बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण रेडियमशी आमची ओळख झाली ती नुकसानभरपाईचे खटले वाचताना. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

१९१७ पासून अमेरिकेत न्यू जर्सीमधील ऑरेंज येथे तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवीत. रंगात रेडियम असे. कुंचल्याचे टोक ओठांत धरून बारीक करायला त्यांना शिकवले होते. दर खेपेस थोडा रंग पोटात जाई. त्याच कारखान्यातले रसायनतज्ज्ञ मात्र शिशाचे पडदे आणि चिमटे वापरीत! ही व्यवस्था आम्हांला फार ओळखीची वाटते.

आता शिसे आणि रेडियम यांत फरक कोणता? अणुगर्भातले प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात. न्यूट्रॉनांच्या साहाय्याने गर्भ बांधून राहतो. एकाच मूलद्रव्याच्या अणूंत प्रोटॉन ठरलेले, न्यूट्रॉन कमीअधिक. हेच त्याचे समस्थानिक. कथिलाचे दहा समस्थानिक स्थिर आहेत. पण शिशाच्या ८२ प्रोटॉनांपलीकडे एकही कायमचा टिकत नाही. बिस्मथ तेवढे स्थिर समजत; तेही फुटते, हे २००३ साली फ्रान्समध्ये दिसून आले. रेडियमचे प्रोटॉन ८८. त्याचा सर्वांत दीर्घायुषी समस्थानिक रेडियम-२२६. तो १६०० वर्षांत निम्मा उरतो, पुढच्या १६०० वर्षांत त्याच्याही निम्मा. एखादा अणू आज फुटेल की हजार वर्षांनी, हे कोणीच सांगू शकत नाही.

रेडियमचे रासायनिक वागणे कॅल्शियमसारखे. शरीर फसते आणि त्याला हाडांत जागा देते. मुलींचे दात पडले, जबडे कुजले. पण काम सोडल्यावर काही वर्षांनी. ग्रेस फ्रायर १९२० मध्ये नोकरी सोडून गेली होती. १९२७ मध्ये ती आणि आणखी चौघी न्यायालयात गेल्या, तेव्हा मालकाने मुदतीचा मुद्दा काढला: दावा इजेपासून दोन वर्षांत हवा होता. इजा कधी झाली म्हणायची? ती तर हाडांत रोज चालूच होती.

१९२८ च्या जूनमध्ये तडजोड झाली. प्रत्येकीला रोख १०,००० डॉलर, शिवाय हयातीपर्यंत वर्षाला ६०० डॉलर. ग्रेस १९३३ मध्ये वारली. मृत्यूच्या वेळी त्यांच्या हाडांत जेवढे रेडियम होते, त्यातले शंभर वर्षांत शेकडा चारच्या आसपास कमी होते. बाकीचे तसेच आहे.