आधी ओल थांबवा, मग रंग द्या

(पंढरपूर येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी अशा चार वाऱ्यांचे हे क्षेत्र. आषाढीस येथील अनेक घरांतून वारकरी उतरतात. पाहुण्यांसाठी घर रंगवून ठेवण्याची आपली रीत जुनी आणि चांगली आहे. परंतु आषाढी येते ती पावसाळ्यात. ज्या भिंतीच्या आधाराने थकलेला वारकरी निजतो, ती स्वच्छ असावी तशीच भक्कमही असावी. १४ ऑक्टोबर २०२० रोजी अतिवृष्टीत येथील कुंभार घाटाजवळ भिंत कोसळून सहा जणांना प्राणास मुकावे लागले. घाटाची भिंत वेगळी आणि घराची वेगळी, हे खरे. तथापि पावसापूर्वी पाहणी करणे दोहोंसाठी अगत्याचे आहे.

पहिले काम ओल शोधण्याचे. ओल वरून उतरत असेल तर धाबे व पन्हळ तपासावी. ती पायथ्यापासून वर चढत असेल तर न्हाणीचे सांडपाणी पायाशी मुरत नाही ना, हे पाहावे आणि ते पायापासून दूर शोषखड्ड्यात न्यावे. हे कारण दूर केल्याविना दिलेला रंग पोपडे धरून गळून पडतो व खर्च वाया जातो.

भिंतीस तडा असल्यास त्यावर आडवी कागदाची पट्टी खळीने चिकटवून तीवर तारीख लिहावी. पट्टी फाटली तर तडा वाढत आहे असे समजावे. अशा वेळी, किंवा भिंत फुगून पोट बाहेर आले असेल तर, लांबी भरीत न बसता अभियंत्याचा सल्ला घ्यावा आणि तेथे कोणासही निजू देऊ नये.

लोणा लागला असेल तर तो कोरड्या ब्रशाने झाडून काढावा. पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा किंवा तैलरंग देण्याचा मोह टाळावा. त्यामुळे आतील ओल कोंडते आणि माती मऊ होते. तेथे मातीचा गिलावा व चुन्याची सफेदीच योग्य. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो आणि भिंतीतील ओलीस बाहेर पडण्यास वाव देतो.

चुनकळी विरवताना ती थोडीथोडी पाण्यात टाकावी, कळीवर पाणी ओतू नये. मिश्रण उकळून उसळते, म्हणून डोळे जपावेत व मुलांना दूर ठेवावे. निवलेला चुना फडक्याने गाळून त्यात थोडे डिंकाचे पाणी मिसळावे. भिंत किंचित ओलसर करून पातळ हात द्यावेत. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात अधिक टिकतात.

२०२४ मध्ये श्रीविठ्ठल मंदिराच्या संवर्धनकार्यात गाभाऱ्यात अलीकडे बसविलेल्या ग्रॅनाइटच्या फरशा काढून मूळ दगड मोकळा करण्यात आला. वरून चढविलेल्या झिलईपेक्षा मूळ बांधकाम जपणे मोलाचे, हा बोध आपल्या घरांसही लागू आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, दरवर्षी वैशाखातच पाहणी उरकावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शाळेच्या भिंतींवर कागदी पट्ट्या लावून घ्याव्यात आणि पंचायत सदस्यांनी वारकरी उतरतात त्या जुन्या घरांची यादी करून ती पावसाआधी तपासून घ्यावीत.