स्वयंपाकघर : एक कलाकृती

रोजच्या स्वयंपाकघराला कलेच्या प्रदर्शनात स्थान मिळू शकते काय? १९७२ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले गेले. ज्यूडी शिकागो व मिरियम शापिरो या दोन चित्रकर्त्रींनी आपल्या विद्यार्थिनींसह एक ओसाड वाडा ताब्यात घेतला, स्वतः त्याची डागडुजी केली आणि त्यातील खोल्यांनाच कलाकृतींचे रूप दिले. ‘वूमनहाउस’ हे त्या प्रदर्शनाचे नाव.

तेथील स्वयंपाकघरात भिंती, छत, शेगडी, शीतकपाट, सारे एकाच गुलाबी रंगाने माखलेले होते. छतावर तळलेल्या अंड्यांच्या प्रतिकृती होत्या. भिंतीवरून खाली उतरता उतरता त्यांचे आकार पालटत व अखेर त्यांना स्तनांचे रूप येई. अन्न आणि अन्न देणारी यांतील भेदच जणू पुसला गेला होता.

ही वात्सल्याची स्तुती की बंदिवासाची तक्रार? माझ्या मते दोन्ही. पोसणारे हात पूज्य मानले जातात; पण त्यांचे श्रम मात्र ताटे घासली की विसरले जातात.

प्रदर्शन महिनाभर चालले. पुढे तो वाडाही पाडला गेला. उरली ती मुख्यतः छायाचित्रे आणि जोहाना डेमेट्राकस यांचा १९७४ सालचा अनुबोधपट. रांधलेल्या अन्नाप्रमाणे ती कलाकृतीही संपून गेली.

आज घरी परतल्यावर आपण स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर क्षणभर थांबावे व आत कोण उभे आहे ते नीट पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.