मालकी, उसनवारी आणि कुंपण



१४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी चार वाजून गेल्यावर अमेरिकेच्या ईशान्य भागातील अनेक राज्ये आणि कॅनडाचा ओन्टारिओ प्रांत यांची वीज गेली. सुमारे पाच कोटी माणसांचे व्यवहार काही मिनिटांत ठप्प झाले. पुढे चौकशी झाली, तिच्यात अनेक कारणे निष्पन्न झाली. ओहायो राज्यात विजेच्या तारा वाढलेल्या झाडांना टेकल्या होत्या, देखरेख अपुरी होती, शेजारच्या यंत्रणांमध्ये समन्वय नव्हता. परंतु एक कारण उघड्या डोळ्यांना दिसणारे नव्हते. फर्स्टएनर्जी या वीजकंपनीच्या नियंत्रणकक्षात धोक्याची सूचना देणारी संगणकयंत्रणा दुपारी सव्वादोनच्या सुमारास मुकी झाली होती. ती मुकी झाली आहे, हेही तेथील कर्मचाऱ्यांना तासाहून अधिक काळ उमगले नाही. ही यंत्रणा पुरविणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकच्या तंत्रज्ञांनी आज्ञावलीच्या लक्षावधी ओळी अनेक आठवडे तपासल्या, तेव्हा दोष सापडला. यंत्रणेतील दोन कामांना एकाच माहितीवर एकाच क्षणी लिहिण्याची मुभा मिळाली होती.

हा दोष समजून घेण्यासाठी संगणकशास्त्राचे ज्ञान लागत नाही. एखाद्या पतपेढीत एकच खतावणी आहे आणि दोन कारकून तिच्यात नोंदी करतात, असे समजा. खात्यावर ५०० रुपये शिल्लक आहेत. पहिला कारकून ती शिल्लक पाहतो आणि २०० रुपयांचा भरणा मिळवू लागतो. त्याच वेळी दुसराही ५०० हाच आकडा पाहून १०० रुपये वजा करू लागतो. पहिला ७०० लिहितो, लगेच दुसरा ते खोडून ४०० लिहितो. दोघांचेही गणित बरोबर आहे. खतावणी मात्र खोटी झाली, आणि खातेदाराचे २०० रुपये कोणी चोरी न करताच नाहीसे झाले. संगणकाच्या पोटात अशा घटना सेकंदाच्या हजाराव्या भागात घडतात. पुन्हा त्याच क्रमाने त्या घडतीलच असे नाही. म्हणून चाचणीत त्या सापडत नाहीत आणि ऐन गरजेच्या वेळी उभ्या राहतात. या प्रकाराला तंत्रज्ञ ‘डेटा रेस’ म्हणतात. माहितीसाठी लागलेली ही एक शर्यतच होय.

या शर्यतीचे महत्त्व गेल्या वीस वर्षांत वाढले आहे. २००५ च्या सुमारापर्यंत संगणकाच्या प्रक्रियकाचा वेग वर्षानुवर्षे वाढत असे. पुढे उष्णतेच्या मर्यादेमुळे ती वाढ मंदावली आणि उत्पादकांनी एका चकतीवर अनेक प्रक्रियक बसविण्याचा मार्ग धरला. म्हणजे एका कारकुनाचा हात अधिक चपळ करण्याऐवजी चार, आठ, सोळा कारकून एका दप्तराभोवती बसविले गेले. काम वाटून घेतल्याखेरीज आता वेग मिळत नाही, आणि काम वाटून घ्यावे तर खतावणीचा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नावर दीर्घकाळ दिले गेलेले उत्तर एका शब्दात सांगावयाचे तर ‘सावधगिरी’ हे होते. १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडविलेली सी ही भाषा आणि तिच्यातून निघालेली सी प्लस प्लस यांनी आधुनिक संगणकविश्वाचा पाया घातला. त्यांनी आज्ञावली लिहिणाऱ्याला यंत्राच्या स्मृतीवर संपूर्ण अधिकार दिला आणि त्या अधिकाराच्या वापराची संपूर्ण जबाबदारीही त्याच्याच शिरावर टाकली. चूक झाली की दोष लिहिणाऱ्याचा. तो निष्काळजी होता, त्याने अधिक लक्ष द्यावयास हवे होते.

कामगार चळवळीच्या इतिहासाची ज्यांना ओळख आहे, त्यांना हा युक्तिवाद नवा वाटणार नाही. इंग्लंडमधील कापडगिरण्यांत फिरत्या दांड्यांत आणि पट्ट्यांत सापडून मजुरांचे हात तुटत, जीव जात. आणि मालक म्हणत, मजुराने सावध राहावयास हवे होते. १८४४ च्या कारखाना कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याचे बंधन मालकांवर आणले. या बंधनाची अंमलबजावणी कडक होऊ लागताच गिरणीमालकांनी १८५५ साली त्याविरुद्ध संघटना उभारली. तरीही अखेर मान्य झाले ते हेच की, दहा-बारा तास राबणाऱ्या माणसाचे लक्ष केव्हातरी चळणारच. ज्या व्यवस्थेत ते कधीही चळू नये अशी अपेक्षा धरली जाते, ती व्यवस्थाच सदोष होय. सुरक्षितता मजुराच्या दक्षतेवर सोपवावयाची नसते. ती यंत्राच्या रचनेत घालावयाची असते.

संगणकाच्या क्षेत्रात हे कुंपण घालण्याचा जो एक गंभीर प्रयत्न झाला, तो म्हणजे ‘रस्ट’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा. मोझिला या संस्थेत काम करणाऱ्या ग्रेडन होअर यांनी २००६ साली ती स्वतःच्या फावल्या वेळात आरंभिली. कॅनडातील व्हँकूव्हर शहरात ते राहत त्या इमारतीची लिफ्ट आज्ञावलीतील बिघाडामुळे वारंवार बंद पडे, आणि त्यातून हा विचार सुरू झाला, अशी तिची जन्मकथा सांगितली जाते. २००९ मध्ये मोझिलाने या कामास आश्रय दिला आणि १५ मे २०१५ रोजी भाषेची पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिचा सारा मूळ मजकूर खुला आहे. कोणीही तो वाचावा, वापरावा, बदलावा.

या भाषेचे मध्यवर्ती तत्त्व अर्थशास्त्राच्या परिभाषेत मांडता येते, कारण तिने शब्दच तेथले घेतले आहेत : मालकी आणि उसनवारी. माहितीच्या प्रत्येक वस्तूला कोणत्याही क्षणी एकच मालक असतो. मालक दुसऱ्याला वस्तू देऊन टाकू शकतो. दिल्यावर त्याचा तिच्यावर हक्क उरत नाही. मालकाचा कार्यभाग संपला की वस्तूची विल्हेवाट आपोआप लागते. देऊन न टाकता वस्तू उसनीही देता येते, परंतु दोनच रीतींनी. केवळ वाचण्यासाठी हवी असेल तर ती एकाच वेळी कितीही जणांनी घ्यावी. बदलण्यासाठी हवी असेल तर एकानेच घ्यावी, आणि त्या काळात इतर कोणी ती वाचूही नये. पतपेढीच्या भाषेत सांगावयाचे तर, खतावणी पाहण्यास सर्वांना मोकळीक, पण लेखणी उचलली गेली की खतावणीपाशी एकटाच.

असा नियम कोणताही शहाणा प्रमुख आपल्या कार्यालयात तोंडी घालून देईल. रस्टचे वैशिष्ट्य हे की नियमाची तपासणी काम सुरू होण्यापूर्वीच होते. माणसाने लिहिलेल्या मजकुराचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा जो कंपायलर, तोच प्रत्येक ओळ तपासतो आणि नियमभंग दिसल्यास रूपांतर करण्याचे नाकारतो. अपघात घडल्यावर चौकशी बसविण्याऐवजी, कुंपण नसलेले यंत्र सुरूच होऊ द्यावयाचे नाही, असा हा प्रकार आहे.

येथे मालकीचा अर्थ कसा पालटला आहे, हेही पाहण्यासारखे आहे. भांडवली व्यवहारात मालकी म्हणजे वस्तूपासून लाभ घेण्याचा आणि इतरांना तिच्यापासून वगळण्याचा हक्क. रस्टमधील मालकाच्या वाट्याला प्रामुख्याने कर्तव्य येते : वस्तू सांभाळणे, ती नीट उसनी देणे, आणि अखेरीस तिची निरवानिरव करणे. गांधीजींच्या विश्वस्तकल्पनेच्या जवळ जाणारी ही मालकी आहे. फरक इतकाच की तिची भिस्त मालकाच्या हृदयपरिवर्तनावर नाही.

नियमांनी स्वातंत्र्याचा संकोच होतो, असा आक्षेप येथेही घेतला गेला. अनुभव निराळा आहे. संकेतस्थळाच्या पानाची मांडणी ठरविण्याचे काम अनेक प्रक्रियकांत वाटून देण्याचा मोझिलाचा प्रयत्न जुन्या भाषेत दोनदा फसला होता. रस्टमध्ये तो तडीस गेला आणि २०१७ च्या अखेरीस फायरफॉक्समध्ये दाखल झाला. कुंपण होते म्हणूनच अनेक हातांना एकत्र राबणे शक्य झाले. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले की, तिच्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या चुकीच्या हाताळणीतून उद्भवतात. गूगलने अँड्रॉइडमधील नवे लेखन रस्टसारख्या सुरक्षित भाषांकडे वळविले, तेव्हा अशा दोषांचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. महाराष्ट्राच्या खेडोपाडी ज्यांच्या खिशात हे फोन आहेत आणि ज्यांची मजुरी, पेन्शन, अनुदान त्यांवरून हलते, त्यांचा या आकड्यांशी थेट संबंध आहे. दोष उत्पादकाच्या घरी जन्मतो आणि नुकसान वापरणाऱ्याच्या घरी होते. ‘आहे तसे स्वीकारावे’ या करारातील कलमाने उत्पादक मोकळा होतो. अर्थशास्त्र याला बाह्य खर्च म्हणते. साध्या भाषेत तो दुसऱ्याच्या माथी मारलेला खर्च होय.

या कुंपणाच्या मर्यादाही सांगावयास हव्यात. दोन कामे एकमेकांची वाट पाहत कायमची अडकून बसणे, किंवा कामांचा क्रमच चुकीचा योजणे, हे दोष रस्ट रोखत नाही. यंत्राशी अगदी निकटचे काम करण्यासाठी तिच्यात ‘असुरक्षित’ अशी उघड पाटी लावलेला एक दरवाजा ठेवावा लागला आहे. त्याच्या आत दक्षता पुन्हा माणसाचीच. पण हा दरवाजा कोठे आहे ते दिसते, आणि तपासणी तेथे एकवटता येते. शिवाय ही भाषा शिकावयास कठीण आहे. शिकण्याचे श्रम हा कुंपणाचाच खर्च असून, तो कोणी सोसावयाचा हा प्रश्न उरतोच.

याहून मोठा प्रश्न असा की, मालकीचे नियम सांगणाऱ्या या भाषेची स्वतःची मालकी कोणाची? परवाना म्हणतो, सर्वांची. परंतु सर्वांच्या वस्तूची निगा राखणाऱ्या माणसांना पोट असते. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० कर्मचाऱ्यांना काढून टाकले, त्यांत रस्टशी निगडित असलेलेही होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये रस्टसाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याच्या पाच संस्थापक सभासदांत मोझिलाखेरीज ॲमेझॉनची संगणकसेवा, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि हुआवे या बलाढ्य कंपन्या होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये समुदायाच्या शिस्तपालन गटाने, प्रमुख गट कोणालाही उत्तरदायी नाही असे सांगून सामुदायिक राजीनामा दिला. २०२३ मध्ये भाषेचे नाव आणि बोधचिन्ह यांच्या वापरावर कडक बंधने सुचविणारा मसुदा आला, तेव्हा सभासदांच्या विरोधामुळे त्याचा फेरविचार करावा लागला. आणि त्याच वर्षी प्रमुख गटाच्या जागी निरनिराळ्या गटांच्या प्रतिनिधींचे मंडळ आले.

या घटनांतून निराश होण्याचे कारण नाही. सामायिक संपत्ती अखेर उजाडच होते, हे मत गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कुरणे, मच्छीमारी आणि पाटबंधारे यांच्या प्रत्यक्ष अभ्यासातून त्याचे खंडन केले आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वापरणाऱ्यांनीच नियम केले, त्यांच्या पालनावर त्यांचीच देखरेख राहिली आणि तंटे सोडविण्याची सोय असली, तर सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते, असे त्यांनी दाखविले. रस्टमधील मोठे बदल लेखी प्रस्तावाद्वारे जाहीर चर्चेला ठेवले जातात, ही त्याच दिशेची रीत आहे. तिला बळ मिळावयाचे तर निगा राखणाऱ्यांचे वेतन काही कंपन्यांच्या मर्जीवर राहता कामा नये. रस्ते आणि पाटबंधारे यांसाठी समाज पैसा उभारतो, तसा तो या कामासाठीही सरकारांनी आणि विद्यापीठांनी उभारावयास हवा.

वाचण्यास सर्वांना मोकळीक असावी, पण लेखणी हाती घेणारा नियमाने बांधलेला असावा, हे रस्टने संगणकाला शिकविले. रस्टच्या कारभारात लेखणी कोणाच्या हाती आहे आणि तिला कोणता नियम बांधतो, ही तपासणी कोणताही कंपायलर करणार नाही. ती संघटित माणसांनाच करावी लागेल.